एका फुटबॉल-शिक्षकाची चाळीस वर्षे

खेळात नाव कमावलेल्या माणसाची हकिगत सांगायची म्हटली की आपण बहुधा शेवटाकडून सुरुवात करतो. किती ढाली मिळवल्या, किती सामने जिंकले, सत्कार कुठे कुठे झाले, हे आधी. आणि त्यापूर्वी त्याने काय केले ते मागाहून, वेळ उरला तर! आज मी तुम्हांला अमेरिकेतल्या एका फुटबॉल-शिक्षकाची हकिगत सांगणार आहे. त्यांच्या विजयांचा हिशेब मोठा आहे, आणि तो मी सांगणारही आहे. पण त्या हिशेबाच्या वहीची पहिली दहा पाने कोरी आहेत. मला मुख्यतः बोलायचे आहे ते त्या कोऱ्या पानांविषयी.

या गृहस्थांचे नाव जेरी येगली. इंडियाना विद्यापीठातल्या मुलांच्या संघाला त्यांनी १९६३ पासून २००३ पर्यंत, म्हणजे तब्बल चाळीस वर्षे फुटबॉल शिकवला. इथे एक खुलासा करायला हवा. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ‘सॉकर’ म्हणतात. तिथे नुसते फुटबॉल म्हटले तर लोक निराळाच खेळ समजतात. डोक्याला शिरस्त्राण, खांद्यांवर जाड गाद्या, लांबट अंडाकृती चेंडू, आणि तोही बहुतेक वेळ पायात नव्हे तर हातात! त्या दांडग्या खेळाचे, बास्केटबॉलचे आणि बेसबॉलचे त्या देशाला वेड. ज्या खेळाने उरलेले सारे जग भारून टाकले, तो पायाने खेळायचा फुटबॉल मात्र तिथे कितीतरी वर्षे पोरका राहिला. युरोपातून येऊन स्थायिक झालेल्या लोकांच्या वस्त्यांत आणि काही थोड्या कॉलेजांत तो खेळला जाई, इतकेच.

येगली हे अशाच एका कॉलेजात तयार झाले. पेनसिल्व्हेनिया संस्थानात वेस्ट चेस्टर म्हणून गाव आहे. तिथल्या सरकारी कॉलेजच्या संघातून ते खेळत. अमेरिकेतल्या कॉलेजांची अखिल राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा १९५९ साली सुरू झाली. पहिली दोन वर्षे सेंट लुईस विद्यापीठाने ती जिंकली. तिसऱ्या वर्षी, १९६१ साली, त्याच सेंट लुईसला अंतिम सामन्यात हरवून वेस्ट चेस्टरच्या मुलांनी अजिंक्यपद पटकावले. त्या संघात येगली होते. म्हणजे विजयाची चव या माणसाने विद्यार्थिदशेतच घेतली होती. आणि नंतर दोनच वर्षांनी, पंचविशीही उलटली नसताना, ते इंडियाना विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून रुजू झाले.

हे विद्यापीठ ब्लूमिंग्टन या गावी आहे. भोवताली टेकड्या आणि चुनखडीच्या दगडाच्या खाणी. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला जो दगड लागला तो याच मुलखातून गेला. आणि खेळ म्हणाल तर सारे संस्थान बास्केटबॉलवर लुब्ध. तिथे येगलींच्या वाट्याला फुटबॉलचा जो संघ आला तो विद्यापीठाचा अधिकृत संघ नव्हताच. तो होता विद्यार्थ्यांचा एक क्लब.

क्लब आणि अधिकृत संघ यांत फरक काय, असे तुम्ही विचाराल. अमेरिकेत तो फरक जमीन-अस्मानाचा आहे, बरं का. ज्या संघाला विद्यापीठाचे क्रीडाखाते आपला म्हणते त्याला ‘व्हर्सिटी’ संघ म्हणतात. त्याला पैसा मिळतो, प्रवासखर्च मिळतो, चांगल्या खेळाडूंना शिष्यवृत्त्या देता येतात आणि राष्ट्रीय स्पर्धेचे दार त्याला उघडे असते. क्लबाला यातले काही नाही. हौस असेल तर खेळा, वर्गणी काढा, जवळपासच्या संघांशी सामने ठरवा, आणि हिवाळा आला की घरी जा! राष्ट्रीय अजिंक्यपद हे क्लबाला स्वप्नातही नाही, कारण त्या स्पर्धेत त्याला पाऊलच टाकता येत नाही.

आणि ही स्थिती एक-दोन वर्षे नव्हे, तर १९६३ पासून १९७२ पर्यंत, पुरती दहा वर्षे टिकली. दहा वर्षे म्हणजे किती, याचा शिक्षकांच्या हिशेबाने विचार करा. कॉलेजचा मुलगा चार वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतो. म्हणजे मुलांच्या अडीच पिढ्या येगलींच्या हाताखालून गेल्या, आणि त्यांच्यापैकी एकालाही राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला मिळाले नाही. त्यांच्या सामन्यांचे निकाल येगलींच्या अधिकृत जमाखर्चात धरलेले नाहीत. ती पाने कोरी आहेत असे मी म्हणालो ते या अर्थाने.

शेजारी काय चालले होते तेही पाहा. त्याच विद्यापीठात जेम्स कौन्सिलमन नावाचे पोहण्याचे थोर शिक्षक होते. त्यांच्या संघाने १९६८ ते १९७३ अशी लागोपाठ सहा वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्यांचा विद्यार्थी मार्क स्पिट्झ याने १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदके जिंकली, आणि सारे जग इंडियानाकडे बघू लागले. त्या वर्षी, त्याच आवारात, फुटबॉलचे शिक्षक अजून एका बिननावाच्या क्लबाला चेंडू कसा अडवावा आणि कसा पुढे द्यावा हे शिकवत होते. शेजारच्या घरी सनई-चौघडा वाजत असताना आपल्या अंगणात निमूटपणे सडा घालीत राहणे सोपे नसते!

शेवटी १९७३ साली फुटबॉलला व्हर्सिटीचा दर्जा मिळाला. आणि आता खरी गंमत पाहा. अधिकृत संघ म्हणून उतरल्यावर अवघ्या चौथ्या मोसमात, १९७६ साली, इंडियानाचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जाऊन उभा राहिला. त्याच वर्षी मार्च महिन्यात विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाने एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवले होते. त्या जल्लोषात फुटबॉलकडे कितीसे लक्ष जाणार? पण नवख्या संघाने चार मोसमांत एवढी मजल मारावी, हे आकाशातून पडले नव्हते. दहा वर्षे जमीन नांगरून, खत घालून तयार ठेवली होती. पाऊस १९७३ साली आला, एवढेच. मशागत नसती तर त्या पावसाने चिखल झाला असता.

पीक मात्र लगेच हाती लागले नाही. १९७६ च्या अंतिम सामन्यात सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने त्यांना एका गोलाने हरवले. १९७८ साली पुन्हा अंतिम सामना, पुन्हा सॅन फ्रान्सिस्को, आणि पुन्हा हार, या खेपेस दोन गोलांनी. १९८० साली तिसऱ्यांदा तोच प्रतिस्पर्धी. सामना चुरशीचा झाला, जादा वेळेत गेला आणि इंडियाना चार विरुद्ध तीन गोलांनी हरला. पाच वर्षांत तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरणे नशिबी आले. पुढे नियमभंगाच्या कारणावरून सॅन फ्रान्सिस्कोचे १९७८ चे अजिंक्यपद काढून घेण्यात आले. पण ते इंडियानाला दिले गेले नाही. त्या वर्षाची विजेत्याची जागा रिकामीच राहिली.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. मुलांना दोष देतो, नाहीतर दैवाला. येगलींच्या संघाची पुढची वाटचाल पाहिली म्हणजे तिथे तिसरीच गोष्ट घडलेली दिसते. संघ पुन्हा सरावाला लागला. आर्मांडो बेटनकोर्ट हा होंडुरास देशातून आलेला विद्यार्थी १९८१ साली अमेरिकेतला सर्वोत्तम कॉलेज-खेळाडू ठरला आणि १९८२ च्या जागतिक स्पर्धेत आपल्या देशाच्या संघात निवडला गेला. १९८१ सालीच विद्यापीठाचे बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम उभे राहिले. मौज अशी की, मैदानाभोवती सायकलींच्या शर्यतीची धाव आहे. त्या विद्यापीठात विद्यार्थ्यांची सायकल-शर्यत १९५१ पासून मोठ्या थाटाने होत आली आहे, आणि तिच्या कुशीतच फुटबॉलला हक्काचे घर मिळाले.

मग आला १९८२ चा अंतिम सामना. गाव फोर्ट लॉडरडेल, फ्लोरिडा. प्रतिस्पर्धी ड्यूक विद्यापीठ. नव्वद मिनिटांचा ठरलेला खेळ संपला तेव्हा दोघांचा एकेक गोल झाला होता. जादा वेळ दिला, निकाल नाही. पुन्हा दिला, तरी नाही. असे एकदा नव्हे, आठ वेळा जादा खेळ झाला! दीडशे मिनिटांहून अधिक काळ ती मुले धावत होती. तुमच्यापैकी जे खेळले असतील त्यांना ठाऊक आहे की, शंभराव्या मिनिटानंतर पाय डोक्याचे ऐकेनासे होतात. अखेर इंडियानाच्या ग्रेग टॉम्प्सनने निर्णायक गोल केला. पहिला गोलही त्याचाच होता. आणि विशेष म्हणजे हा मुलगा आघाडीचा नव्हे, बचावफळीतला! येगली ब्लूमिंग्टनला आले त्याला एकोणीस वर्षे झाली होती, आणि स्वतः विद्यार्थी म्हणून जिंकले त्याला एकवीस. पुढच्याच वर्षी, १९८३ साली, तोवर अपराजित राहिलेल्या कोलंबिया विद्यापीठाला जादा वेळेत एका गोलाने हरवून त्यांनी अजिंक्यपद राखले.

आता, श्रोतेहो, कॉलेजच्या संघाची एक अडचण लक्षात घ्या. धंदेवाईक संघाला चांगला खेळाडू दहा वर्षे ठेवता येतो. कॉलेजच्या शिक्षकाला तो चारच वर्षे मिळतो. मुलगा जरा हाताशी आला, खेळ समजू लागला, की पदवी घेऊन निघाला! दरवर्षी पाटी पुसायची आणि पुन्हा ‘ग म भ न’ पासून सुरुवात. शाळामास्तरांना हे निराळे सांगायला नको. शिवाय पैशाची मर्यादा. येगली निवृत्त झाले त्या काळी एका विद्यापीठाला पुरुषांच्या फुटबॉल-संघासाठी पूर्ण शिष्यवृत्त्या किती देता येत? तर ९.९. मैदानावर उतरायचे अकरा आणि शिष्यवृत्त्या दहाच्या आत. त्यामुळे त्या तुकड्या-तुकड्यांनी वाटाव्या लागत, आणि काही मुले तर पदरमोड करूनच खेळत.

या परिस्थितीत एकदा जिंकणे कठीण, पुनःपुन्हा जिंकणे त्याहून कठीण. १९८४ साली अंतिम सामन्यात क्लेम्सनकडून हार झाली. १९८८ साली आपल्याच गावी, आपल्याच मैदानावर, हॉवर्ड विद्यापीठाला हरवून तिसरे अजिंक्यपद आले. त्यानंतर दहा वर्षे एकही नाही. १९९४ सालचा अंतिम सामना तर बापलेकांचा होता म्हणा ना! येगलींचा मुलगा टॉड त्याच संघातून खेळत होता आणि ते त्याचे कॉलेजचे शेवटचे वर्ष होते. व्हर्जिनियाने एका गोलाने सामना जिंकला. बाप शिक्षक, मुलगा विद्यार्थी, आणि दोघांच्याही पदरी हारच.

१९९७ साली याहून विलक्षण गोष्ट घडली. त्या मोसमात इंडियानाच्या संघाने ओळीने तेवीस सामने जिंकले. एकही हार नाही, एकही बरोबरी नाही. असा संघ उपांत्य सामन्यात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठापुढे उभा राहिला, आणि तिसऱ्या जादा वेळेत झालेल्या एका गोलाने बाहेर पडला. तेवीस विजयांवर एका गोलाचे पाणी! पण त्याच संघातली जी मुले मागे राहिली त्यांनी १९९८ साली स्टॅनफर्डला हरवून अजिंक्यपद आणले आणि १९९९ साली सँटा क्लाराला हरवून पुन्हा आणले.

२००३ चा मोसम हा आपला शेवटचा, असे येगलींनी आधीच जाहीर केले होते. त्या मोसमाची सुरुवात चांगली नव्हती. संघ लडखडत होता. पुढे तो सावरला, राष्ट्रीय स्पर्धेत एकेक पायरी चढला आणि डिसेंबरात ओहायो संस्थानातल्या कोलंबस गावी, बर्फ पडत असताना, सेंट जॉन्स विद्यापीठाला दोन विरुद्ध एक गोलाने हरवून त्याने अजिंक्यपद मिळवले. शिक्षक म्हणून येगलींचा तो शेवटचा सामना. ते सहावे अजिंक्यपद.

आता एकूण हिशेब सांगतो. १९७३ ते २००३ या एकतीस मोसमांत ५४४ सामने जिंकले, १०१ हरले, ४५ बरोबरीत सुटले. म्हणजे दर पाच सामन्यांत जवळजवळ चार विजय. १९८९ सालीच अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल सन्मान-मंदिरात त्यांचे नाव दाखल झाले होते. हे सारे थोर आहेच. पण मला त्या हिशेबातली आणखी एक रक्कम महत्त्वाची वाटते. येगलींचे संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात किती वेळा पोचले? बारा वेळा. त्यांपैकी जिंकले सहा आणि हरले सहा. अगदी निम्मे-निम्मे! देशात ज्यांचे नाव आदराने घेतात असा हा शिक्षक निर्णायक क्षणी जितक्या वेळा जिंकला तितक्याच वेळा हरला. मग त्याचा मोठेपणा कशात? माझ्या मते तो त्या बारा या आकड्यात आहे. शेवटच्या दिवशी चेंडू खांबाच्या आत जाईल की बाहेर, हे पुष्कळदा कोणाच्याच हाती नसते. मुलांना त्या दिवसापर्यंत नेणे, आणि पिढी बदलली तरी पुनःपुन्हा नेणे, हे शिक्षकाच्या हाती असते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेतला कॉलेजचा खेळ म्हणजे निव्वळ सोवळे-ओवळे नव्हे. तिथे चांगली मुले हेरून आणण्याची चढाओढ चालते, जिंकण्यासाठी नियम वाकवले जातात. १९७८ च्या अजिंक्यपदाचे काय झाले ते आपण पाहिलेच. आणि आपल्या खेड्यातल्या शिक्षकाची तुलना येगलींशी सरळ करता येणार नाही. त्यांना देशभरातून मुले निवडता येत होती. आपल्या गुरुजींना मुले निवडता येत नाहीत. पटावर जी येतील ती आपली. ज्याच्या पायात जोडा नाही तोही आपला आणि ज्याला चेंडूची भीती वाटते तोही आपला. या दृष्टीने गुरुजींचे काम अधिक अवघड आहे, हे मान्यच केले पाहिजे.

पण एका बाबतीत दोघांची वाट एकच आहे. येगली गेल्यावर काय झाले ते पाहा. त्यांच्या जागी माइक फ्रायटॅग आले. ते येगलींचेच जुने विद्यार्थी आणि सहायक. त्यांनी पहिल्याच वर्षी, २००४ साली, अजिंक्यपद राखले. २०१० पासून टॉड येगलींनी सूत्रे हाती घेतली. ज्या मुलाने १९९४ साली बापाच्या हाताखाली हार पाहिली होती, त्याच्या संघाने २०१२ साली इंडियानाला आठवे अजिंक्यपद मिळवून दिले. तेवीस विजयांनंतर हरलेल्या १९९७ च्या संघात केलेब पोर्टर नावाचा एक विद्यार्थी होता. पुढे तो शिक्षक झाला, आणि २०१० साली ॲक्रन विद्यापीठाला त्याने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. २०१५ साली पोर्टलँडच्या आणि २०२० साली कोलंबसच्या धंदेवाईक संघांना तर त्याने अमेरिकेचा सर्वोच्च चषक जिंकून दिला. त्या १९९७ च्या हरलेल्या सामन्यातून कोण काय शिकून गेला, हे त्या रात्री कोणाला सांगता आले असते?

म्हणून मी त्या कोऱ्या पानांकडे परत वळतो. आपल्याकडे शाळा-शाळांतून अशी माणसे आहेत. कोणी सुट्टीच्या दिवशी मुलांना खो-खो शिकवतो, कोणी संध्याकाळी नदीकाठच्या माळावर धावण्याचा सराव घेतो, कोणी लेझीम बसवतो, कोणी एखाद्या अडलेल्या पोराला गणित समजावतो. यातले पुष्कळसे काम कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही. तपासणीच्या वेळी त्याचा रकाना नसतो. मंजुरी यायची असते, ती आलेली नसते. साहित्य मागवलेले असते, ते पोचलेले नसते. अशा वेळी मनात येते, की मान्यता मिळू दे, पैसा येऊ दे, मग मनापासून करू.

हा विचार चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. साधने मागितलीच पाहिजेत. फुटबॉलला अधिकृत दर्जा मिळाला नसता तर राष्ट्रीय स्पर्धेचे दार इंडियानाला कधीच उघडले नसते. फुकट राबणे हा काही स्वतःसिद्ध सद्गुण नव्हे, आणि राबवून घेणाऱ्यांनी त्याचे गोडवे गाऊ नयेत. पण दर्जा मिळण्यापूर्वीची वर्षे वाया घालवायची की कामी लावायची, एवढे तर आपल्या हाती असते. आणि त्या वर्षांत जी मुले आपल्यापुढे येतात, त्यांचे बालपण काही मंजुरीसाठी थांबून राहत नाही. १९६५ साली जो मुलगा त्या क्लबात खेळला, त्याच्यासाठी तो सराव हीच राष्ट्रीय स्पर्धा होती. त्याला दुसरी मिळायची नव्हती.

तेव्हा उद्या शाळा सुटल्यावर मैदानावर जाल, तेव्हा जी पाच-पंचवीस मुले उभी असतील त्यांच्याकडे जरा नीट पाहा. चेंडू जुना असेल, आखणी फक्कीऐवजी राखेची असेल, आणि तुमच्या संघाचे नाव कुठल्याही यादीत नसेल. तरीही सराव वेळेवर सुरू करा.